कथेवर चालणारा रोलप्ले गेम मराठीत खेळायचाय, कुठला घ्यावा आणि नियम काय?

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या म्हापशातले तुम्ही पाच जण, पावसात शनिवार संध्याकाळ मोकळी. डंजन्स अँड ड्रॅगन्स या प्रसिद्ध रोलप्ले गेमची जाडजूड पुस्तकं बघून धीर सुटलाय, आणि मारामारीपेक्षा गोष्टीला महत्त्व देणारा खेळ हवाय, जमल्यास मराठीत.

फेट ॲक्सिलरेटेड घ्या. ईव्हिल हॅट प्रॉडक्शन्सनं २०१३ मध्ये काढलेला हा खेळ. पुस्तक पन्नासेक पानांचं आहे आणि पीडीएफला हवी ती किंमत द्यायची, शून्यही चालतं. नियमांचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहे, त्यामुळे मूळ कर्त्यांचं श्रेय देऊन तुम्ही तो मराठीत आणून वाटलात तरी हरकत नाही.

पेडण्याकडचा दशावतार पाहिला असेल तर निम्मा खेळ तुम्हाला आधीच कळलाय. आख्यान ठरलेलं, पात्रं ठरलेली, संवाद मात्र उभ्याउभ्या सुचतील तसे. इथेही तेच. फरक एवढाच की शेवट कुणालाच माहीत नसतो, सूत्रधारालासुद्धा. पाचांपैकी एक जण सूत्रधार होतो, म्हणजे जग आणि बाकीची सगळी माणसं त्याच्या तोंडून बोलतात. उरलेले चौघं एकेक पात्र घेतात.

सामान घरातच असतं. या खेळाचे खास फासे मिळतात, पण त्यांच्यावाचून अडत नाही. ल्युडोचे साधे चार फासे घ्या: १-२ पडले तर वजा एक, ३-४ म्हणजे शून्य, ५-६ म्हणजे अधिक एक. चारही एकदम टाकून बेरीज करायची, ती −४ ते +४ यांच्यात येते. एकूण ८१ शक्यतांपैकी ५१ वेळा निकाल −१, ० किंवा +१ असतो. म्हणून इथे फाशांपेक्षा पात्र काय आहे आणि कसं वागतं याला वजन आहे, आणि हा खेळ सुचवण्याचं माझं मुख्य कारण तेच. फेट पॉइंट म्हणजे अडीअडचणीला खर्च करायची शिल्लक. त्यासाठी कॅरमच्या सोंगट्या वापरा. चौघांना तीन-तीन म्हणजे बारा. सूत्रधाराला प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीला खेळाडूमागे एक, म्हणजे चार. काळ्या-पांढऱ्या मिळून अठरा असतात, पुरतात. सोंगट्यांऐवजी काजू ठेवण्याचा मोह टाळा. तिसऱ्या प्रसंगापर्यंत सगळे पॉइंट पोटात गेलेले असतात. याशिवाय पेन्सिली आणि पोस्टकार्डाएवढे कोरे कागद. वीज गेली तरी मेणबत्तीवर खेळ चालू राहतो.

आता पात्र. याला वेळ द्या, पाऊण तास गेला तरी चालेल. प्रत्येकानं निदान तीन वाक्यं लिहायची. त्यांना ॲस्पेक्ट म्हणतात. पहिलं, हा माणूस कोण. दुसरं, याची कायमची अडचण काय. तिसरं काहीही, पण ते शेजारी बसलेल्याच्या पात्राशी जोडलेलं असेल तर उत्तम.

बहुतेकांचा खेळ इथेच फसतो. ‘शूर’, ‘हुशार’, ‘बलवान’ असं लिहून मोकळे होतात. असे ॲस्पेक्ट मेलेले असतात, कारण ते फक्त फायद्याचे असतात. चांगला ॲस्पेक्ट दुधारी हवा. ‘वाड्यावरचं प्रत्येक दार ओळखणारा पदेर’ घ्या, म्हणजे वस्तीत घरोघर पाव पोचवणारा. मध्यरात्री हाक मारली तर लोक दार उघडतील, हा फायदा. पण चोरून कुठे जायचं म्हटलं तर वेष पालटूनही उपयोग नाही, पोरंसुद्धा पावासाठी मागे धावतील. अडचण म्हणून ‘भाटकाराला नाही म्हणायला जीभ उचलत नाही’ (भाटकार म्हणजे जमीनदार). तिसरं ‘फ्लोरीनच्या डोळ्यांदेखत हार मानणार नाही’, फ्लोरीन हे शेजाऱ्याचं पात्र. या तीन ओळींवर अख्खी संध्याकाळ निघते. लिहून झाल्यावर प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा: ही कधी कामी येईल, आणि ही कधी गळ्याशी येईल? एकाचंही उत्तर सुचत नसेल तर ओळ बदला.

त्यानंतर काम करण्याच्या सहा पद्धती. मराठीत मी त्या अशा लिहीन: जपून, युक्तीने, झोकात, जोरात, चपळाईने, गुपचूप. एकीला +३, दोघींना +२, दोघींना +१ आणि एकीला ०. शक्ती, बुद्धी असे आकडे इथे नसतात, काम कसं करता त्यावर आकडा ठरतो. शेवटी एक स्टंट, म्हणजे ठरावीक परिस्थितीत मिळणारे जादा दोन: ‘रोज पहाटे काळोखात सायकल मारतो, म्हणून अंधारातून चपळाईने कुठे पोचायचं असेल तर +२.’

खेळताना फासे टाकण्याची कारणं चारच: अडचण पार करणं, पुढच्या कामासाठी अनुकूल परिस्थिती तयार करणं, हल्ला, बचाव. फासे अधिक पद्धतीचा आकडा, आणि त्याची तुलना सूत्रधारानं ठरवलेल्या अवघडपणाशी. सोप्या कामाला ०, अवघड असण्याचं एक तरी कारण सांगता आलं तर २, फारच अवघड असेल तर ४. तीन किंवा जास्तनं वर गेलात तर काम थाटात झालं असं धरतात आणि वर काहीतरी जादा मिळतं.

उदाहरण खाजन शेतीचं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचं घेऊ, कारण पहिल्या खेळाला ते फार सोयीचं आहे. अमावास्येची रात्र, उधाणाची भरती, मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, फळीचं दार निखळलंय आणि खारं पाणी शेतात शिरतंय. पदेर म्हणतो, मी धावत जाऊन दार परत बसवतो. पद्धत चपळाईने, त्याची +२. वाहत्या पाण्यात हे काम म्हणजे अवघडपणा ४. फासे पडले ५, २, ३, ६: अधिक, वजा, शून्य, अधिक, मिळून +१. एकूण ३. एकानं कमी पडलं.

इथे दोन वाटा आहेत. तो एक सोंगटी देऊन म्हणू शकतो, ‘मी वाड्यावरचं प्रत्येक दार ओळखतो. नावानिशी हाका मारल्या, चार जण कंदील घेऊन आले.’ ॲस्पेक्ट वापरला की +२ किंवा सगळे फासे पुन्हा. +२ घेतले तर पाच झाले, दार बसलं. सोंगटी द्यायची नसेल तर सूत्रधार एकतर काम फसवेल, नाहीतर मोठी किंमत लावून जमवेल: दार बसलं, पण तो दाब शेजारच्या बांधावर गेला आणि तिथे भगदाड पडलं. मला दुसरी वाट जास्त आवडते. ‘जमलं नाही’ एवढंच म्हटलं की गोष्ट जागीच थांबते.

त्याआधी दुसऱ्या कुणी बांध नीट पाहून ठेवला असता तर? जपून तपासला, फासे चांगले पडले, तर कागदावर नवीन ॲस्पेक्ट लिहायचा: ‘खेकड्यांनी इथेच पोखरलाय’. तो टेबलाच्या मध्ये ठेवा. एकदा कुणीही फुकट वापरू शकतो, थाटात जमलं असेल तर दोनदा. नवे खेळाडू हे विसरतात आणि प्रत्येक अडचणीवर सरळ धडक मारतात. अवघडपणा ४ किंवा ६ चं काम एकट्यानं सहसा होत नाही. दोघांनी आधी जमीन तयार करायची आणि तिसऱ्यानं घाव घालायचा.

सोंगट्या परत कशा मिळतात? सूत्रधार तुमचीच ओळ तुमच्यावर उलटवतो तेव्हा. भाटकार येऊन सांगतो, ‘आधी माझा पंप हलव, मग बांध बघ.’ सूत्रधार एक सोंगटी पुढे सरकवतो. घेतलीत तर पंप हलवायला जावं लागेल. नको असेल तर उलट आपली एक द्यावी लागते. याला कंपेल म्हणतात. सूत्रधार कंपेल करायला विसरला की खेळाडू कंजूष होतात, सोंगट्या धरून बसतात आणि उरतो फक्त नशिबाचा फाशांचा खेळ. तासाभरात प्रत्येकाला निदान एक कंपेल मिळेल इकडे लक्ष ठेवा. आठवत नसेल तर चौघांच्या अडचणी एका कागदावर लिहून समोर ठेवा.

इजेचं गणित छोटं आहे. १, २, ३ अशा ताणाच्या तीन चौकटी, एका फटक्याला एकच चौकट भरायची. त्याहून जास्त लागलं तर परिणाम लिहायचा: हलका २ शोषतो, मध्यम ४, गंभीर ६. ‘पाय मुरगळला’ हा परिणामही ॲस्पेक्टच, म्हणजे समोरचा तो तुमच्याविरुद्ध वापरू शकतो. चौकटी प्रसंग संपल्यावर पुसायच्या. मारामारी लांबत चालली तर फासे पडण्याआधी हार माना. मग कसं हरायचं ते ठरवण्यात तुमचाही शब्द असतो, आणि वर फेट पॉइंट मिळतो. नवख्यांना हार मानणं कमीपणाचं वाटतं, म्हणून सूत्रधारानं आपल्या खलनायकाकडून ते आधी करून दाखवावं.

एक खुबी सांगायची राहिली: या खेळात कुठल्याही गोष्टीला पात्रासारखं पान देता येतं. बांधाला द्या, तीन चौकटी आणि एक ॲस्पेक्ट. भरतीला द्या, ‘जोरात +३’, आणि ती प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी बांधावर हल्ला करते. खलनायक न शोधताही वेळेचा ताण तयार होतो.

बाकी नेहमीच्या चुका. प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला फासे टाकू नका, यश आणि अपयश दोन्ही मजेशीर असतील तेव्हाच टाका. ‘मी झोकात कुलूप शोधतो’ असं कुणी म्हणालं तर आधी कसं ते विचारा. वर्णनावरून पद्धत ठरते, मोठा आकडा बघून नाही. शिवाय झोकात काही केलं की सगळा गाव बघतो, ही त्याची किंमत ठेवा. भाषेची चिंता नको: नियम मराठीत बोला, पात्रं कोंकणीत भांडू द्यात. मात्र सुरुवातीलाच ठरवून घ्या की गावातली खरी घरं, खरे जमिनीचे तंटे आणि कुणाच्या दैवताची टिंगल टेबलावर येणार नाही. राखणदार, म्हणजे गावाची राखण करणारा देव, कथेत जरूर आणा, ‘राखणदाराला रोट द्यायचा राहून गेला’ हा झकास ॲस्पेक्ट आहे. पण पाचांपैकी एकालाही तो थट्टेचा विषय नको असेल तर तसंच खेळायचं.

पहिल्या बैठकीला पात्रांसकट चार तास धरा. संपल्यावर प्रत्येकाला एक बदल करता येतो: दोन पद्धतींचे आकडे आपसात बदलणं, स्टंट पालटणं किंवा पहिली ओळ सोडून एखादा ॲस्पेक्ट नव्यानं लिहिणं. मी शेवटचा पर्याय घ्यायला सांगेन. ज्या ओळीवरून संध्याकाळभर एकही सोंगटी इकडची तिकडे झाली नाही, ती खोडा.