लिव्हरमध्ये पसरलेल्या कॅन्सरसाठी रोबोटिक ऑपरेशन करावं की लॅपरोस्कोपिक?

तुम्ही लिहिलंय की वडील ६४ वर्षांचे आहेत, डायबेटिस आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन मागच्या वर्षी झालं. आता लिव्हरमध्ये दोन गाठी सापडल्यात, एक २ सेंटिमीटरची, दुसरी ३ची. एक सर्जन लॅपरोस्कोपी (पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीने) सुचवतात, दुसरे रोबोट, आणि दुसऱ्यांचं एस्टिमेट दोन लाखांनी जास्त आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, ‘दोन लाख जास्त भरले तर बाबा जास्त जगतील का?’

आज हाताशी असलेल्या माहितीवरून याचं उत्तर ‘नाही’ असंच द्यावं लागतं.

मी सर्जन नाही, भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशन चालू असताना पेशंटच्या डोक्याशी बसते, आणि ही दोन्ही प्रकारची ऑपरेशनं तिथूनच बघत आले आहे. रोबोटच्या खरेदीत माझा पैसा अडकलेला नाही आणि लॅपरोस्कोपी शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेलेली नाहीत. त्यामुळे या भांडणात मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही.

तुमच्या प्रश्नात गाठींचे आकार आहेत, पण जागा नाही. मला आधी ती हवी. क्विनो नावाच्या फ्रेंच शरीररचनातज्ज्ञाने रक्तवाहिन्यांच्या फांद्यांवरून लिव्हरचे आठ भाग पाडले, आणि सर्जन आजही त्याच नंबरांत बोलतात. २ आणि ३ म्हणजे डावीकडचा पुढचा पातळ भाग, दारातल्या चपलेसारखा सहज हाताला लागणारा. ७ आणि ८ वर, मागे, छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या स्नायूखाली, बरगड्यांच्या आड. १ नंबर तर शरीरातल्या सर्वांत मोठ्या शिरेला चिकटूनच असतो. स्कॅनच्या रिपोर्टमध्ये ‘सेगमेंट’ या शब्दापुढे हा आकडा असतो, तो शोधा.

दोन केसेस सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता.

पहिली सेगमेंट ३ची. कडेला, जेमतेम २ सेंटिमीटरची गाठ. रोबोट ठरला होता. यंत्र टेबलाजवळ आणायचं, त्याचे हात पोटावरच्या छिद्रांत बसवलेल्या नळ्यांना (पोर्टना) जोडायचे, कॅमेरा जुळवायचा, याला डॉकिंग म्हणतात. त्या दिवशी टीम नवी होती. डॉकिंग चालू असताना आमच्या सिस्टरांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. गाठ काढायला लागला त्याहून जास्त वेळ त्या जोडाजोडीत गेला. पेशंट व्यवस्थित बरा झाला, पण लॅपरोस्कोपीनेही तितकाच बरा झाला असता, आणि बिल कमी आलं असतं.

दुसरी सेगमेंट ७ची, लॅपरोस्कोपीने सुरू केलेली. लॅपरोस्कोपीची हत्यारं सरळ आणि लांब असतात, त्यांना मनगट नसतं. गाठीच्या मागे वळून जायचं तर पळीने बरणीच्या गळ्याखालचं लोणचं खरवडल्यासारखं होतं. सर्जन अनुभवी होते. दोन तास लिव्हर मोकळं करत होते, मग एक शीर फाटली. माझ्या मॉनिटरवर दाब उतरायला लागला. त्यांनी कापसाची पट्टी दाबून धरली आणि शांतपणे म्हणाले, ‘उघडतो.’ पेशंट सुखरूप घरी गेला, पण पोटावर मोठी चीर घेऊन. या जागी रोबोटचा फायदा झाला असता असं मला वाटतं. रोबोटच्या हत्याराच्या टोकाला मनगटासारखं वळण असतं, चित्र त्रिमितीय आणि मोठं दिसतं, हाताची थरथर गाळली जाते. फाटलेल्या शिरेला आतल्या आत टाका घालणं त्याने बरंच सोपं होतं. अनेक केंद्रांच्या एकत्रित नोंदींतही हेच दिसतं: रोबोटमध्ये मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण कमी.

(उघडावं लागणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नाही. वेळेवर उघडणारा सर्जन हट्टी सर्जनपेक्षा केव्हाही बरा.)

रोबोट स्वतः काही कापत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेलच. सर्जन काही फुटांवर कन्सोलमध्ये, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रात, डोकं घालून बसलेले असतात. पण म्हणूनच एक गोष्ट नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. पेशंटजवळ उभा असतो तो असिस्टंट. सक्शन, क्लिप, स्टेपलर बरेचदा त्याच्याच हातात. रक्त आलं तर पहिले काही सेकंद तोच सांभाळतो. आणखी एक: लिव्हरच्या पेशी फोडून शिरा तेवढ्या उघड्या ठेवणारं कूसा नावाचं यंत्र लॅपरोस्कोपीत सर्जन स्वतः धरतात. रोबोटच्या हातात ते मनगटासकट मिळत नाही. मग चिमट्याने चिरडत जावं लागतं, किंवा कूसा असिस्टंट बाजूने चालवतो. म्हणून रोबोटच्या सर्जनना जरूर विचारा, ‘टेबलापाशी कोण असणार?’

माझं काम दोन्हींत जवळपास सारखंच. लिव्हर कापत असताना मी सलाइन हात आखडून देते, मोठ्या शिरेतला दाब कमी ठेवते, म्हणजे रक्त कमी जातं. सर्जन लिव्हरकडे येणारा रक्तपुरवठा फितीने आवळतात, कुणीतरी मोठ्याने ‘टाइम’ म्हणतं, साधारण पंधरा मिनिटं झाली की पाच मिनिटं सोडतात. ही युक्ती १९०८ साली ग्लासगोच्या प्रिंगल नावाच्या सर्जनने मांडली. रोबोट आला तरी ती तशीच आहे. फरक असा की रोबोट एकदा जोडला की टेबल हलवायचं नाही. काही यंत्रणांना बरोबर हलणारं टेबल मिळतं, सगळीकडे नसतं. पेशंटच्या छातीवर रोबोटचे हात पसरलेले असतात आणि मला त्याच्यापर्यंत पोचायला वाकून जावं लागतं. म्हणून तातडीने रोबोट बाजूला करायची तालीम झालेली टीम असेल तर मी निर्धास्त असते.

आता पुराव्याचं. पोट उघडून विरुद्ध लॅपरोस्कोपी यावर ऑस्लोमध्ये चांगला अभ्यास झाला. आतड्याच्या कॅन्सरच्या लिव्हरमधल्या गाठी असलेले २८० पेशंट चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. गुंतागुंत लॅपरोस्कोपीत १९ टक्के, उघड्या ऑपरेशनमध्ये ३१ टक्के. पाच वर्षांनी हयात असलेले मात्र ५४ आणि ५५ टक्के, म्हणजे सारखेच. रोबोट विरुद्ध लॅपरोस्कोपी असा थेट अभ्यास जर्मनीत झाला, ८० पेशंटचा, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. पहिल्या तीन महिन्यांतल्या जीवनमानात फरक आढळला नाही. तो लहान आहे, त्यावरून सगळा निकाल लावू नये. पण रोबोटने आयुष्य वाढतं असं सांगायला कुणाकडे आधार नाही, हे खरं. जगणं अवलंबून असतं गाठ पूर्ण निघाली का, केमोला प्रतिसाद कसा आहे आणि उरलेलं लिव्हर पुरेसं आहे का, यावर. केमोनंतर साधारण ३० टक्के तरी लिव्हर मागे राहिलेलं बरं.

तिसरा रस्ता तुम्हाला कुणी सांगितलाय का? ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी सुईने आतल्या आत जाळता येतात. नेदरलँड्समधल्या ‘कोलिजन’ अभ्यासात अशा लहान गाठींसाठी हा उपाय ऑपरेशनच्या तोडीचा ठरला आणि त्रास कमी झाला. प्रत्येक जागी सुई चालत नाही, मोठ्या शिरेला किंवा पित्तनळीला लागून गाठ असेल तर अडचण येते. पण तुमच्या बाबांच्या दोन्ही गाठी त्या मापात बसतात, तेव्हा ट्यूमर बोर्डमध्ये हा विषय निघाला का, हे विचाराच. तिथे सर्जन, केमोचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून स्कॅन बघतात.

पैशाचं बोलायचं तर, आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९च्या नियमांप्रमाणे रोबोटिक सर्जरी विम्यातून सरसकट वगळता येत नव्हती, पण कंपनीला तिच्यावर वेगळी मर्यादा घालायची मुभा होती. पॉलिसीत ‘सब-लिमिट’ शोधा. पाच लाखांची पॉलिसी आहे म्हणून रोबोटला पाच लाख मिळतीलच असं नाही, आणि हे डिस्चार्जच्या काउंटरवर कळलेलं वाईट.

मी तुमच्या जागी असते तर? गाठी २, ३, ५, ६ अशा पुढच्या भागात असतील तर लॅपरोस्कोपीवाल्यांकडे जाईन आणि दोन लाख पुढच्या केमोसाठी बाजूला ठेवीन. ७, ८ किंवा १ असेल तर रोबोटचा विचार करीन, पण त्या सर्जननी रोबोटने लिव्हरचीच किती ऑपरेशनं केलीत हे विचारून. प्रोस्टेट आणि गर्भाशयाची शंभर केली असतील तर ती यात धरायची नाहीत. अशा जागी लॅपरोस्कोपीत मुरलेला सर्जन नवख्या रोबोटवाल्यापेक्षा मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक काम मात्र ऑपरेशन कुठलंही ठरो, आजच सुरू करा. बाबांना रोज अर्धा तास चालवा, साखर आटोक्यात आणा, आणि तीन चेंडूंचं ते श्वासाच्या व्यायामाचं खेळणं मेडिकलमधून आणून ओढायला लावा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ विचारतील, ‘किती जिने चढता?’ तेव्हा बाबांनाच उत्तर देऊ द्या. घरचे मध्येच ‘दोन चढतात’ म्हणतात आणि पेशंट मागून एक बोट दाखवतो.