फोनला पीएच कशाला, आणि नाइटमधला जीएच कुठे गेला?

प्रश्न : मुलगी चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. फोनिक्सच्या (अक्षरांच्या आवाजावरून वाचायला शिकवतात त्या) क्लासमध्ये सीएच म्हणजे च असं शिकवलंय, त्यामुळे ती केमिस्ट्रीला चेमिस्ट्री आणि शेफला चेफ वाचते. वर विचारते की एफ असताना फोनला पीएच कशाला? मी काय सांगू, मलाच माहीत नाही. – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, पोरगी बरोबर वाचतेय, गोंधळ इंग्रजीचा आहे. दोन अक्षरं मिळून एकच आवाज, याला डायग्राफ म्हणतात. बरेच जण याला इंग्रजीतलं जोडाक्षर म्हणतात पण ते उलटं झालं, आपल्या जोडाक्षरात दोन्ही आवाज ऐकू येतात, इथे दोघांचा मिळून तिसराच.

आता सीएच. हा एक नाही, तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेला आहे. 1066 मध्ये फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्याआधी चाइल्ड शब्द नुसत्या सी ने लिहायचे, सीआयएलडी असा. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी तिथे सीएच घातला, तो हा च. ग्रीकमधून आलेल्या शब्दांत तोच सीएच क होतो, केमिस्ट्री, स्कूल, कॅरेक्टर, ख्रिसमस. आणि फ्रेंच लोकांचा स्वतःचा च नंतर घासून घासून श झाला, त्यानंतर जे शब्द इंग्रजीत आले ते श घेऊनच आले, मशीन, शॅम्पेन, शेफ. गंमत बघा, चीफ आणि शेफ हा मुळात एकच फ्रेंच शब्द, एक मध्ययुगात आला आणि एक थेट 19व्या शतकात! म्हणून तिला आधी च पक्का करू द्या, क वाले आणि श वाले शब्द वेगळ्या पानावर लिहून ठेवा, शाळेत लागणारे फार नाहीत.

पीएचचं उत्तर तर आपल्या तोंडातच आहे. फोन हा मुळात ग्रीक शब्द, आणि जुन्या ग्रीकमध्ये ज्या अक्षराच्या जागी आपण पीएच लिहितो त्याचा उच्चार चक्क आपल्या फणसातल्या फ सारखा होता, म्हणजे ओठ मिटून प आणि मागून ह. रोमन लोकांनी ऐकलं तसं पी आणि एच लिहिलं, एकदम बरोबर लिहिलं. पुढे ग्रीकांचा उच्चार दात ओठावर टेकवून एफ सारखा झाला आणि स्पेलिंग तिथेच राहिलं. (आपली आजची पोरं फूल आणि फळसुद्धा एफ ने म्हणतात, कान देऊन ऐका, ग्रीकांचं झालं तेच चाललंय.)

प्रश्न : नाइट, लाइट, हाय यात जीएच बोलायचाच नाही तर लिहायचा कशाला? आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की 'घोटी' असं लिहून फिश वाचता येतं, खरं का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जीएच एकेकाळी बोलायचे हो, घशात घासून काढलेला ख. पुण्यामुंबईत जर्मन शिकणारी पोरं रात्रीला नाख्त म्हणतात, त्यातला ख तोच, आणि स्कॉटलंडच्या लॉख म्हणजे सरोवर या शब्दात तो अजून शिल्लक आहे. इंग्लंडमध्ये मात्र कुठे गळून पडला, नाइट, लाइट, आणि कुठे फ झाला, लाफ, कफ, इनफ. घोस्टची कथा निराळी. तिथे आधी एच नव्हताच, इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन, त्याने 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला, तो त्याआधी बरीच वर्षं आजच्या बेल्जियममधल्या ब्रूजमध्ये राहिलेला, तिथल्या फ्लेमिश स्पेलिंगच्या सवयीने हा एच घुसला असं मानतात.

फिशचा जोक जुना आहे, इनफमधला जीएच म्हणजे फ, विमेनमधला ओ म्हणजे इ आणि नेशनमधला टीआय म्हणजे श. लोक तो नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर खपवतात, पण 1855 च्या एका पत्रात तो सापडतो, तेव्हा शॉ जन्मलासुद्धा नव्हता. आणि जोक म्हणून ठीक, पण शब्दाच्या सुरुवातीला जीएच कधीच फ होत नाही, त्यामुळे घोटीला फिश कोणी वाचणार नाही.

प्रश्न : टीएच म्हणजे थ ना? मग ऑफिसमधले परदेशी लोक ठाण्याला भलतंच काय म्हणतात? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, थ नाही. आपला थ म्हणताना जीभ हवा अडवते आणि सोडते, म्हणून तो लांबवता येत नाही, करून बघा. थिनमधला टीएच स स स सारखा श्वास संपेपर्यंत ओढता येतो, जिभेचं टोक दातांच्या मध्ये ठेवून. धिसमधला टीएच आणखी वेगळा, गळ्याला बोट लावलं की थरथर लागते. जुन्या इंग्रजीत यासाठी स्वतंत्र अक्षरं होती, ती पुढे मागे पडली आणि टीएचवर भागवलं. आपण इंग्रजीत नावं लिहिताना मात्र एच हा नुसता महाप्राण दाखवायला लावतो, थ ला पण टीएच, ठ ला पण टीएच. त्यामुळे ठाणे वाचताना त्यांची जीभ दातांत जाते. तसं लंडनच्या थेम्स नदीचा उच्चार इंग्रज स्वतः टेम्स करतात, तिथला एच ग्रीक थाटासाठी उगाच नंतर चिकटवलाय!