तुमचे प्रश्न : स्टुडिओ चालू ठेवून पीएचडी जमते का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी ऐरोलीची, वय ३३, प्रिंटमेकिंगमध्ये (मुद्राचित्रणात) एमएफए केलंय आणि सध्या एका आर्ट कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. माझे वुडकट, म्हणजे लाकडी ब्लॉक कोरून काढलेले छाप, सगळे मिठागरांवरचे आहेत, आजोबा आणि त्यांचे भाऊ ठाणे खाडीकडच्या मिठागरात राबले म्हणून. घरचे म्हणतात पीएचडी कर, पर्मनंट होशील. कॉलेजातले एक सिनियर म्हणतात पीएचडी घेतलीस की ब्लॉक कोरणं संपलं. ज्यांना गाइड म्हणून भेटले त्यांनी ‘महाराष्ट्रातील मुद्राचित्रणाचा विकास’ असा विषय सुचवलाय, पण त्यात माझं मन अजिबात लागत नाहीये. दोन्ही सोबत होतं का खरंच?

उत्तर : होतं, पण हा विषय घेतलास तर नाही होणार, हे आधीच सांगते. विषय वाईट नाहीये, कोणीतरी तो करायलाच हवा, पण तो इतिहासाच्या अभ्यासकाचा विषय आहे. तू दिवसभर कॅटलॉग चाळणार आणि रात्री थकून ब्लॉकसमोर बसणार, मग दोन वर्षांत कुठलं सुटेल ते तुलाही माहितीये. तुझ्या सिनियरांनी जे पाहिलं असेल ते बहुतेक हेच असणार.

लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ख्रिस्तोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये एक निबंध लिहिला होता, त्यात त्यांनी कलेवरचं संशोधन, कलेतून होणारं संशोधन आणि कलेसाठी केलेलं संशोधन असं वेगळं काढून दाखवलं, आणि आज प्रॅक्टिसवर, म्हणजे स्वतःच्या कलाकामावर आधारलेल्या पीएचडीची चर्चा निघाली की अजूनही तिथूनच सुरुवात होते. तुला सुचवलेला विषय पहिल्या प्रकारातला. तुझं काम दुसऱ्यातलं आहे, म्हणजे प्रश्न कोरता कोरता पडलेला आणि उत्तरही बरंचसं कोरण्यातूनच येणारं. मिठागराचा फोटो काढला की पांढरे ढीग दिसतात, पण भरतीचं पाणी आत घेऊन ते टप्प्याटप्प्याने वाळवत नेणारा माणूस बांधावर उभा कसा राहतो, खाऱ्या पाण्यात पाय किती वेळ राहतात, हे फोटोत येत नाही. ते कोरलेल्या रेषेत येतं का, येत असेल तर कसं, हा मला खरा संशोधनाचा प्रश्न वाटतो आणि तो तुझ्याशिवाय कोणी विचारणार नाही.

आणि प्रिंटमेकरचं एक बरं असतं, पुरावा आपोआप साठत जातो. ट्रायल प्रूफ, म्हणजे काम चालू असताना काढलेले चाचणी छाप, फेकू नकोस, एकही नाही. मागे पेन्सिलने तारीख, कागद, इंक, कुठे काय कोरलं आणि का थांबलीस ते लिही, चार ओळी पुरे. रिडक्शन वुडकट करत असशील तर हे फारच गरजेचं आहे कारण प्रत्येक रंगाला तोच ब्लॉक अजून कोरला जातो, मागची अवस्था परत मिळतच नाही, प्रूफ हीच काय ती साक्ष. तीन-चार वर्षांनी थिसिस लिहायला बसशील तेव्हा हीच पानं कामाला येतील, त्या वेळी आठवून लिहिलेलं सगळं गुळगुळीत होतं आणि परीक्षकाला ते लगेच कळतं.

बाहेरचा शोधही लागेलच. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सरकारी माहिती देणारा ग्रंथ, वाच, त्यात इथल्या मिठाबद्दल आहे. फोर्टातल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे तिथे जा. १९७० ला नवी मुंबई वसवणारी सिडको आली त्यानंतरचे नकाशे मिळव आणि जुन्या खाजणांच्या नकाशांवर ठेवून बघ. गावठाणातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोल, हे सगळ्यात आधी कर कारण कागद थांबतील, माणसं थांबत नाहीत. रेकॉर्डिंगला परवानगी विचार, मराठीत एक साधा कागद कर, आणि छापलेल्या प्रिंटची एक प्रत त्यांच्या घरी देऊन ये. पण ही कागदपत्रं चित्राखाली चिकटवायची माहिती म्हणून वापरू नकोस. नकाशात काही सापडलं तर पुढचा ब्लॉक बदलायला हवा, नाहीतर थिसिस एका खोलीत आणि प्रिंट दुसऱ्या खोलीत असं होतं, आणि असे प्रबंध वाचताना मला फार वाईट वाटतं कारण दोन्हीकडे मेहनत भरपूर असते.

असं काम आपल्याकडे नवं नाही बरं का. बडोद्याचे गुलाममोहम्मद शेख कलेतिहास शिकवायचे आणि चित्रंही काढायचे, त्यांच्या चित्रांत इटलीतल्या सिएनाची जुनी चित्रकला आणि मुघल लघुचित्रं शेजारीशेजारी येतात ती त्या शिकवण्याशिवाय आलीच नसती. तिथलेच ज्योती भट्ट मुद्राचित्रकार, तुझ्याच माध्यमातले, त्यांनी वर्षानुवर्षं गावोगाव फिरून भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं कॅमेऱ्यात टिपली, आज त्यातल्या कितीतरी भिंती उरल्या नसतील. त्यांचा फोटोसंग्रह एशिया आर्ट आर्काइव्हने डिजिटल केलाय, नक्की बघ. वेळ मिळत नाही म्हणशील तर आपल्या ठाण्यातलेच चित्रकार सुधीर पटवर्धन १९७५ पासून २००५ पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत होते आणि शहराची त्यांची मोठी चित्रं त्याच काळात सुरू झाली.

आता नियमांचं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी ३ वर्षं आणि जास्तीत जास्त ६, पुनर्नोंदणी करून अजून २ मिळू शकतात आणि बायकांना त्यावर आणखी २ वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, दर सेमिस्टरला कमिटीपुढे प्रेझेंटेशन. पार्टटाइमही करता येते, कॉलेजकडून एनओसी (ना-हरकत पत्र) लागते. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत व्हिज्युअल आर्ट हा विषय आहे, आणि त्यातून मिळणाऱ्या जेआरएफ या संशोधनवृत्तीची वयोमर्यादा ३० असली तरी बायकांना ५ वर्षांची सूट आहे, म्हणजे तुला अजून संधी आहे, ती सोडू नकोस. २०२३ पासून जेआरएफला महिन्याला ३७,००० मिळतात. त्यात एक छोटा स्टुडिओ भाड्याने घेता येईल कदाचित.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रदर्शन हा प्रबंधाचा भाग धरतात का, लेखी भाग किती शब्दांचा, मराठीत चालतो का, हे प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं असतं, तेव्हा अर्ज करायच्या आधी ईमेल करून लेखी उत्तर घे. मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयाला (जेजेला) २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, तिथेही विचार. आणि गाइड निवडताना त्यांना तुझे प्रिंट दाखव, सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, नंतर. जे प्रिंट हातात घेऊन पाच मिनिटं बघतील त्यांच्याकडे जा. सुचवलेल्या विषयाला नाही म्हणायचं धाडस आत्ताच कर, रजिस्ट्रेशन झाल्यावर विषय बदलणं फार त्रासाचं होतं.

प्रश्न : मी कळव्याचा, शिल्पकार आहे, जीडी आर्ट (कलेची सरकारी पदविका) केलंय. मला डिग्री नकोय पण रिसर्च करायचाय. पैसे कोण देतं?

उत्तर : देतात रे. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सकडे कलासंशोधनाला आणि कलानिर्मितीलाही अनुदान असतं आणि अर्ज मराठीत करता येतो, तेव्हा इंग्रजीचं टेन्शन घेऊ नकोस. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर आणि सिनियर फेलोशिप असते, ज्युनियर २५ ते ४० वयाला, सिनियर त्यापुढे, दोन्ही २ वर्षांच्या.

आणि कळव्याहून खाडी ओलांडलीस की चेंदणी कोळीवाडा, तिथले पराग तांडेल स्वतः शिल्पकार आहेत, कोळी समाजाची खाडी, मासे, खाणं, आठवणी यावर त्यांचं काम आहे आणि कुटुंबासोबत तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज उभं केलंय. त्यांचं काम आधी नीट बघून घे. अर्जात ‘मला अमुक समाजाचा अभ्यास करायचाय’ एवढंच लिहिलंस तर नाही पुरणार, कोणाला भेटणार, कुठल्या मटेरियलमध्ये काय करून बघणार आणि ते जमलं नाही तर पुढे काय, हे स्पष्ट लिही. बजेटमध्ये कास्टिंगचा, टेम्पोचा आणि ज्यांच्याशी बोलणार त्यांच्या बुडालेल्या दिवसाच्या मजुरीचा खर्च धर, हा शेवटचा आकडा बरेच जण विसरतात.