पहिल्या पावसाचं पाणी पऱ्यात जाण्याआधी

वाचकांचे प्रश्न : वाशिष्ठी खोऱ्यातली शेती, बागा आणि शहर

वीस गुंठे भात आहे. युरिया फोकला की दोन दिवसांत सर येते आणि पाणी खालच्या खाचरात जातं. दुकानदार म्हणतो, युरिया नीमलेपित आहे, वाहून जात नाही. खरं काय?
– चिपळूण तालुक्यातील एक शेतकरी

दुकानदाराचं अर्धंच खरं आहे. निंबोळीच्या लेपाने अमोनियाचं नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, पण युरिया पाण्यात विरघळायचा थांबत नाही. विरघळलेलं खत पाण्याबरोबर जाणारच. कोकणातली खाचरं पायऱ्यांची, वरच्याचं पाणी खालच्यात आणि शेवटच्याचं पऱ्यात, म्हणजे लहान ओढ्यात. त्यामुळे तुमचा युरिया आधी शेजाऱ्याला आणि मग वाशिष्ठीला लागू पडतो.

यावर कोकणातच रुळलेला उपाय म्हणजे चारसूत्री लागवडीतली (भाताच्या सुधारित लावणीची पद्धत) युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे दोन्ही खतं दाबून केलेली गोळी. तिच्यात 60 टक्के युरिया आणि 40 टक्के डीएपी असतं आणि एका गोळीचं वजन 2.7 ग्रॅम. लावणी 15-25 सेंमीच्या दोरीवर करायची, म्हणजे दोन चूड (एका जागी लावलेली रोपं) 15 सेंमीवर, मग 25 सेंमीची मोकळी वाट, पुन्हा 15. दोन्ही दिशांना हेच अंतर ठेवलं की चार चुडांचे चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर एक गोळी 7 ते 10 सेंमी खोल चिखलात दाबायची, लावणीच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. गुंठ्याला साधारण 630 गोळ्या लागतात. वीस गुंठ्यांना 12,600, म्हणजे 34 किलो. हेक्टरी हिशेब केला तर नत्र 59 किलोच्या आसपास पडतं. सुधारित जातींना फोकून द्यायची शिफारस 100 किलोची आहे. हा फरक पडतो, कारण खोल चिखलात हवा नसते, नत्र अमोनियाच्या रूपात मातीच्या कणांना धरून राहतं आणि वरच्या पाण्यात फारसं येतच नाही.

बिघडतं ते असं. ओल्या हाताने गोळ्या काढल्या की त्या हातातच विरघळायला लागतात, म्हणून एकाने कोरड्या हाताने पुरवायच्या आणि दुसऱ्याने दाबायच्या. पिशवी उघडी राहिली तर पावसाळी हवेत पाणी सुटून गोळ्यांचा गठ्ठा होतो. घाईत दोन-तीन सेंमीवरच दाबल्या तर ते फोकण्यापेक्षा फारसं वेगळं नाही. पुढे बेणताना (तण काढताना) चौकोनात पाय पडता कामा नये, 25 सेंमीच्या वाटा त्यासाठीच आहेत. आणि ज्या खाचरात सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी जिरून जातं तिथे ब्रिकेटचा फायदा मिळत नाही, कारण नत्र खालून निसटतं.

गोळ्या मिळाल्याच नाहीत तर खाचरातलं पाणी चिखलाच्या पातळीवर आणून युरिया टाका, पायाने चिखलात मिसळा आणि दोन दिवसांनी पाणी भरा. त्यानंतर चार-पाच दिवस बांधाचं तोंड बंद. वेधशाळेने मुसळधार सांगितली असेल तर खत टाकूच नका. पीक तीन दिवस थांबू शकतं.

राबाबद्दल, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. भाजलेल्या उघड्या जमिनीवरची राख आणि माती पहिल्याच सरीत पऱ्यात जाते. रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, मातीत मिसळून वापरा.

हापूसला कल्टार देतो. बाग उतारावर, खाली वहाळ. औषध पाण्यात उतरतं का?

कसं देता त्यावर आहे. बुंध्याभोवती आळं करून ओतलंत आणि तासाभरात पाऊस आला तर उतरणारच. झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं हे रसायन मातीत महिनोन्‌महिने टिकतं, त्यामुळे वाहून गेलेली माती स्वतःबरोबर औषधही नेते.

मात्रा झाडाच्या विस्तारावर ठरवा. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर व्यास मोजून सरासरी काढा आणि मीटरला 3 मिली धरा. सहा मीटरच्या झाडाला 18 मिली झालं. ते सहा लिटर पाण्यात मिसळा, बुंधा आणि विस्ताराची कड यांच्या मधोमध गोलाकार 30 छिद्रं दहा-बारा सेंमी खोल पाडा, प्रत्येकात 200 मिली ओता आणि मातीने बुजवा. काळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट, आणि त्यातला उघडिपीचा दिवस. तण काढायचं ते या वर्तुळापुरतंच. तणनाशक मारून अख्खी बाग तांबडी-बोडकी करण्याची जी चाल पडली आहे तिने कल्टारपेक्षाही जास्त नुकसान होतं. ओळींमधलं गवत ग्रासकटरने दहा सेंमीवर कापा, उपटू नका. पालवी आखूड, गुच्छासारखी येत असेल तर मात्रा आधीच जास्त झाली आहे.

बागेच्या खालच्या कडेला समपातळीत वाळ्याची ओळ लावा, ठोंब 10 ते 15 सेंमीवर. समपातळी डोळ्यांनी कधीच साधत नाही. दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधा, मध्ये आडवी पट्टी ठोका, शेंड्यावरून दोरीने दगड लोंबकळू द्या. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांच्या जागा उलटसुलट करून दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे सपाटी. दोरी त्या मध्यावर येईल असं एकेक पाऊल पुढे सरकत खुंट्या मारत जा. ओळ सपाटीला नसेल तर पाणी सखल टोकाला जमतं आणि तिथे घळ पडते. ओळीत एक ठोंब मेला तरी तेच होतं, म्हणून पहिल्या पावसाळ्यात नांगे भरणं टाळू नका.

आमच्या सोसायटीत 400 चौरस मीटरचं काँक्रीट पार्किंग आहे. सगळं पाणी तेलासकट नाल्यात जातं. शोषखड्डा किती मोठा घ्यावा?
– सोसायटी सचिव, चिपळूण

सगळा पाऊस अडवायचा विचार सोडा. एका दिवसात 200 मिमी पडला तर तुमच्या पार्किंगवरून 80 हजार लिटर पाणी येईल. आठ महिन्यांचं तेल, टायरचा भुगा आणि धूळ मुख्यतः जूनच्या पहिल्या काही सरींत धुतली जाते. नदीला तेव्हा पाणी कमी असतं आणि चढणीचे मासे नेमके तेव्हाच वर निघालेले असतात. पहिले 15 मिमी पकडा, म्हणजे सहा हजार लिटर.

आधी एक मीटर लांब-रुंद आणि मीटरभर पाणी राहील असा गाळखड्डा बांधा. त्याच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला टी (तीन तोंडांचा जोड) बसवा आणि टीची खालची नळी पाण्याच्या पातळीखाली 30 सेंमी बुडवा. तेल वर तरंगतं, नळी खालचं पाणी उचलते. टीचं वरचं तोंड बंद करू नका, नाहीतर पाणी एकदा वाहू लागलं की ओढ लागून तेलही जातं. गाळखड्ड्यापुढे 15 मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल चर काढा आणि 40 मिमी खडीने भरा. खडीत साधारण 40 टक्के पोकळी असते, म्हणून 15 घनमीटर चरात सहा घनमीटर पाणी मावतं. खडी काळ्या दगडाचीच घ्या, जांभ्याचे तुकडे झिजून चर लिंपून टाकतात. इमारतीच्या पायापासून चर लांब ठेवा.

जुलैत जमीन तुडुंब असते, चर भरलेलाच राहील. ते अपयश नव्हे, फक्त जादा पाणी नाल्याकडे जायला वाट हवी. गाळ एकतृतीयांश भरला की काढायचा, मे महिन्यात न चुकता. वर तरंगलेलं तेल टमरेलाने काढून कॅनमध्ये साठवा आणि जुनं तेल घेणाऱ्या परवानाधारकाला द्या. झाकण घट्ट आणि हवेच्या नळीला जाळी, नाहीतर डासांची तक्रार नगरपरिषदेत तुमच्याच नावाने होईल.

नदीत पहिल्या पावसाला फेस येतो. घाण कुठून येते हे गावकरी म्हणून कसं शोधावं?

फेसावर विश्वास ठेवू नका, कुजलेल्या पाल्यानेही फेस येतो. नाला नदीला मिळतो त्याच्या वर आणि खाली, एकाच वेळी, पाऊस सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात नमुने घ्या. साधं टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, पुरतं. पावसाळ्यात आपल्या पऱ्यांचं पाणी साधारण 100 पीपीएमच्या आत असतं. खालचा आकडा अचानक वाढला तर त्या नाल्याच्या कडेने वर चालत जा, दर जोडावर मोजत. मात्र माती, तेल आणि जंतू टीडीएसमध्ये दिसत नाहीत. पाणी काळं होणारी जंतुचाचणीची बाटली विहिरीसाठी ठीक, उघड्या पऱ्याचं पाणी तिच्यात नेहमी काळंच होणार. जंतूंसाठी प्रयोगशाळेतून आकडा घ्या. आंघोळीच्या पाण्याची कमाल मर्यादा 100 मिलीला 2500 विष्ठाजन्य जंतूंची आहे, अपेक्षित 500.

गोवळकोटच्या बाजूला ओहोटीच्या शेवटीच नमुना घ्या, भरतीचं खारं पाणी मीटरला फसवतं. वरच्या भागात कोळकेवाडीतून सुटणारं कोयनेचं अवजल (वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी) त्या दिवशी कमी होतं की जास्त, तेही वहीत लिहा. ते पाणी वाढलं की सगळंच पातळ होतं आणि दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

भर पावसात सेप्टिक टँक तुंबतो. शेजारी सल्ला देतात, झाकण उघडून पऱ्यात सोडा.

सोडू नका, खाली कोणाची तरी विहीर आहे. तुंबतो तो टँक नाही, शोषखड्डा. भूजल वर आलं की त्याला पाणी घ्यायला जागाच उरत नाही. आधी छपराच्या पन्हळीचं पाणी टँकमध्ये किंवा खड्ड्यात जातंय का ते बघा, बहुतेकदा तेच कारण असतं. खड्ड्याचा तळ भूजलाच्या दोन मीटर वर आणि विहिरीपासून किमान 18 मीटरवर हवा. जांभ्याच्या भेगांतून पाणी पळतं, तिथे आणखी लांब. भूजलाची पातळी ऑगस्टमधली धरा, मे महिन्यातली नव्हे. खोल खड्डा जमत नसेल तर उथळ, लांब चर उंचवट्यावर काढा आणि त्यावर केळी, कर्दळ लावा. टँकमधला मैला दोन-तीन वर्षांनी एकदा, एप्रिलमध्ये टँकरने उपसून घ्या आणि टँकर तो कुठे रिकामा करतो ते विचारा.