न्यूयॉर्कमध्ये सायकल लेनमध्ये उभं राहिलं की सायकलवाले एवढे का चिडतात?

तुम्ही लिहिलंय की मुलाकडे न्यूयॉर्कला आला आहात, आठव्या ॲव्हेन्यूवर सिग्नलसाठी थांबला होतात आणि एक सायकलवाली अंगावर ओरडून गेली. जमिनीवर हिरवा रंग होता, गाड्या पलीकडे उभ्या होत्या, म्हणून तुम्हाला ती जागा फूटपाथचाच भाग वाटली. मी त्याच रस्त्याने रोज सायकलवर कामाला जाते. ओरडणं मला पटत नाही, पण तो राग कुठून येतो ते सांगते.

आधी ती जागा समजून घ्या. इथे फूटपाथला लागून सायकलची लेन असते, मग गाडीचं दार उघडायला पुरेल एवढा रंगवलेला पट्टा, त्यापलीकडे उभ्या गाड्यांची रांग आणि मग वाहता रस्ता. म्हणजे पार्क केलेल्या गाड्याच सायकलवाल्यांची भिंत होतात. 2007 मध्ये नवव्या ॲव्हेन्यूवर, चेल्सी भागात, अशी लेन पहिल्यांदा झाली. त्याआधी 1980 मध्ये महापौर एड कॉच यांनी मिडटाउनमध्ये, म्हणजे मॅनहॅटनच्या मधल्या भागात, वेगळ्या लेन बांधून पाहिल्या होत्या. विरोध एवढा झाला की काही आठवड्यांत त्या उखडल्या. याच कॉचनी 1987 मध्ये पार्क, मॅडिसन आणि पाचव्या ॲव्हेन्यूवर दिवसा सायकलला बंदी घालायचा प्रयत्न केला, तो कोर्टात टिकला नाही. आजची लेन या भांडणातून आलेली आहे, म्हणून तिच्यात कोणी शिरलं की जुन्या सायकलवाल्यांना ते जास्तच लागतं.

तरीही माझं ठाम मत आहे की पादचाऱ्यावरचा राग आणि गाडीवाल्यावरचा राग एका मापाने मोजू नयेत.

तुम्ही ज्या भागात उभे होतात तिथलं बघा. आठव्या ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला पोर्ट अथॉरिटीचं बस टर्मिनल आहे, थोडं खाली पेन स्टेशन हे रेल्वे स्थानक. न्यू जर्सीतून येणारी माणसं, त्यात एडिसन आणि जर्सी सिटीकडची आपली मंडळीही, सकाळी तिथे लोंढ्याने बाहेर पडतात. बॅगा, बाबागाड्या, खाण्याच्या गाड्या, बांधकामाचे मांडव. फूटपाथवर माणूस मावतच नाही, तो लेनमध्ये सांडतो. शहराने पुढे तिथे चालणाऱ्यांसाठी जास्तीची जागा काढली, कारण प्रश्न माणसांच्या शिस्तीचा नव्हता, रुंदीचा होता. अशा गर्दीत मी वेग कमी करते, घंटी वाजवते, वेळ पडली तर पाय टेकते. माझे फार तर काही सेकंद जातात. जो त्या गर्दीतून ओरडत जातो त्याने हे लक्षात घ्यावं की जागा त्या माणसाने घेतलेली नाही, त्याच्याकडून आधीच काढून घेतलेली आहे. या शहरात रस्त्याकडेला गाड्या लावायच्या सुमारे 30 लाख जागा आहेत आणि त्यातल्या बहुतेक फुकट.

धोका नाही असं मात्र नाही. सायकलला आवाज नसतो. मोबाईलमध्ये बघत कोणी अचानक उतरलं की दोघेही पडतात, आणि वयस्क माणसाचं हाड मोडायला तेवढं पुरतं. आता विजेच्या सायकली फार वाढल्या आहेत. 2020 मध्ये त्या कायदेशीर झाल्या, 2025 च्या ऑक्टोबरपासून त्यांना ताशी 15 मैलांची मर्यादा आहे. जेवण पोहोचवणारी मुलं त्याच लेनमधून घाईत जातात, कारण त्यांची कमाई फेऱ्यांवर ठरते. त्यांच्यामुळे पादचारी घाबरतात हे खरं आहे, आणि ती भीती मी खोडून काढणार नाही.

आता गाडीवाले. लेनमध्ये डिलिव्हरीचा ट्रक उभा असला की काय होतं ते बाहेरून कळत नाही. साध्या रंगवलेल्या लेनमध्ये निदान वळसा घालून पुढे जाता येतं. इथे एका बाजूला फूटपाथ, दुसऱ्या बाजूला गाड्यांची सलग रांग, मध्ये तो ट्रक. ज्या भिंतीने तुम्हाला वाचवायचं तीच तुम्हाला कोंडते. मग उतरून सायकल फूटपाथवर ढकला, नाहीतर गाड्यांच्या फटीतून थेट वाहत्या रस्त्यावर निघा. मागून येणाऱ्या टॅक्सीला तुम्ही तिथून बाहेर पडाल अशी कल्पनाही नसते. लेकराला मागे बसवून जाणाऱ्या बाईला हे करायला लावणं मला अक्षम्य वाटतं. लेनमध्ये गाडी उभी केली तर 115 डॉलर दंड आहे, पण रोज माल उतरवणाऱ्याच्या हिशेबात तो धंद्याचा खर्च होऊन बसतो. बऱ्याच ठिकाणी लेनच्या तोंडाशी साधा खांबही नाही, त्यामुळे गाडी सहज आत येते. ड्रायव्हरचीही बाजू आहे: माल उतरवायला कडेला राखीव जागा नसेल तर तो जाणार कुठे? पण त्याची सोय माझ्या जिवावर नको.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे चौक. डावीकडे वळणारी गाडी आणि सरळ जाणारी सायकल यांना शेवटच्या काही फुटांत एकच जागा दिलेली असते, तिला इथे मिक्सिंग झोन म्हणतात. नियमाने गाडीने थांबायचं असतं. प्रत्यक्षात जो मोठा तो आधी जातो. काही चौकांत सायकलला वेगळा सिग्नल असतो आणि तेवढ्या वेळात वळणाऱ्या गाड्यांना लाल बाण. तिथून जाताना छाती धडधडत नाही. माझं चाललं तर प्रत्येक मोठ्या चौकात तसं करीन.

आणि ही लेन फक्त माझ्यासारख्यांच्या सोयीची आहे असं समजू नका. शहराच्या वाहतूक खात्याने 2014 मध्ये अशा लेन झालेल्या रस्त्यांचा आढावा घेतला, तेव्हा जखमी होणारे पादचारी 22 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. कारण चौकात मधोमध थांबायला बेट मिळतं, ओलांडायचं अंतर घटतं, गाड्या सावकाश वळतात. चालणारे आणि सायकलवाले इथे एकाच बाजूचे आहेत, आणि आम्ही एकमेकांवर खेकसत असताना ट्रक आरामात उभा असतो, याचं मला खरंच वाईट वाटतं. पुण्यात सायकल ट्रॅकवरच्या पार्किंगबद्दल बोलायचं सोडून लोक एकमेकांशी भांडतात, तेव्हाही मला हेच वाटतं.

तुमचे अजून काही आठवडे आहेत म्हणून सांगते. हिरव्या पट्ट्यावर थांबू नका. एकतर फूटपाथच्या कडेला थांबा, नाहीतर लेन ओलांडून पलीकडच्या बेटावर. आठव्या ॲव्हेन्यूवर टर्मिनलच्या बाजूने उतरताना सायकली तुमच्या उजवीकडून येतील, पण डावीकडेही बघा, कारण उलट येणारे असतातच. टॅक्सीतून उतरताना दार उघडण्याआधी मान वळवून मागे बघा. आणि लेनमध्ये उभी गाडी दिसली तर मुलाला 311 या शहराच्या तक्रार क्रमांकावर तक्रार करायला सांगा. अशी तक्रार सायकल न चालवणाऱ्या माणसाकडून गेली तर मला जास्त आनंद होईल.