निकाल लागण्याआधी लिही

प्रिय मित्रा,

दोन नोकऱ्यांमधली एक निवडायची आहे आणि तू विचारतोस, मनाचं ऐकू की बुद्धीचं? हा प्रश्न आधी सोड. मेंदूतज्ज्ञ अँटोनिओ दमासिओ यांनी तपासलेले रुग्ण बघ: कपाळामागच्या मेंदूला इजा, बुद्ध्यांक आणि स्मरणशक्ती शाबूत, भावना मात्र बोथट. त्यांतल्या एकानं पुढच्या भेटीच्या दोन तारखांमधली एक निवडण्यात जवळजवळ अर्धा तास घालवला. शेवटपर्यंत निवड झालीच नाही. भावना गेली आणि निर्णय ठप्प झाला.

तुझी अडचण वेगळीच आहे. तू सगळं डोक्यात करतोस. एका वेळी मनात जेमतेम चार गोष्टी धरता येतात. पगार, काम, वरिष्ठ, शिकायला काय मिळेल, हे दोन्हीकडचं धरलं तर आठ झाल्या. मग शेवटी आठवलेला मुद्दा जिंकतो. म्हणून लिही, आणि निकाल लागण्याआधी लिही.

'आधी' यावर मी हटून बसतो, त्याला कारण आहे. मेंदूसंशोधक वुल्फ्राम शुल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडलं, की मेंदूतल्या डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशी अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक नोंदवतात. अपेक्षेहून जास्त मिळालं की त्या जोरात पेटतात. म्हणजे बेफिकिरीनं केलेली निवड नशिबानं फळली, तरी मेंदू तीच पक्की करतो. वर निकाल कळला की 'हे मला ठाऊकच होतं' असं वाटू लागतं. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी ते १९७५ मध्येच दाखवलं. मूळ अंदाज पुसला गेला, तर शिकणार कशावरून?

कागदावर तारीख टाक. कालची झोप, भूक, राग, एका ओळीत. ताण वाढला की कपाळामागच्या भागाची पकड सुटते. झोप अपुरी असेल तर लिही, पण ठरव दुसऱ्या दिवशी. दोन्ही नोकऱ्या मांड, तिसरा पर्याय 'दोन्ही नकोत'. प्रत्येकापुढे पडताळता येईल असा अंदाज आणि टक्केवारी: 'वर्षानंतरही मी इथेच असेन, ७० टक्के.' 'बरं होईल' असलं काही नको. सगळीकडे ५० टक्के लिहिणं ही तर निव्वळ पळवाट. शेवटी, काय दिसलं तर सोडशील तेही लिही. नाहीतर पुढे 'एवढा वेळ घातलाय' म्हणून चिकटून राहशील.

याला लोक हिशेबीपणा म्हणतात. म्हणू देत. नशिबालाच शहाणपण समजून हुशार माणसं त्याच खड्ड्यात पुन्हा पडतात, ते मला बघवत नाही.

कुणालाही निर्णय सांगण्याआधी लिही. एकदा सांगून बसलास, की कागदावर फक्त वकिली उतरते. आणि ते पान मलाही दाखवू नकोस. वर्षानं उघड. आधी कारणं वाच, मग काय घडलं ते बघ.

तुझा,
एक हितचिंतक