अंदमानात नातेवाईकांकडे तीन-चार आठवडे राहून बेटं फिरायची असतील तर प्लॅन कसा करावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, दिरांची पोर्ट ब्लेअरला बदली झालीय, ते या या म्हणतायत, तुमच्याकडे २५ दिवस आहेत, सोबत सासूबाई आणि दोन मुलं, आणि शंका दोन. एवढे दिवस त्यांच्या घरी राहणं बरं दिसेल का, आणि घरूनच रोज एकेक बेट करून संध्याकाळी परत येता येईल का. दुसऱ्या शंकेचं उत्तर आधी देते कारण ते एका शब्दाचं आहे, नाही. पहिलीचंही उत्तर बरंचसं त्यातच आहे.

आम्ही दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गेलो होतो, मी, नवरा, मुलगा (तेव्हा नऊ वर्षांचा) आणि माझी आई. आईची धाकटी बहीण काकांच्या नोकरीपायी तिकडे गेली आणि तिथलीच झाली, तीस वर्षं होत आली आता. आम्ही २४ दिवस होतो. निघायच्या आधी मी मोठ्या हौसेने एक्सेल शीट बनवलेली, सकाळी नऊ ते रात्री आठ, रोजचं काय काय, अगदी रंग वगैरे देऊन. मावशीला व्हॉट्सॲपवर पाठवली तर तिचा एवढाच रिप्लाय आला, "सूर्य सव्वापाचला जातो गं इथे."

तर पहिली गोष्ट ही. घड्याळ आपलंच आहे पण बेटं इतकी पूर्वेला आहेत की मुंबईच्या मानाने तिथे सूर्य सव्वा तासाच्या आसपास आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो, डिसेंबरात तर पाचलाच दिवस संपतो. सकाळी सहाला चांगलं उजाडलेलं असतं. आपण सुट्टीवर म्हणून आरामात उठून, नाश्ता करून, आवरून दहाला बाहेर पडलो की अर्धा दिवस गेलेला असतो आणि संध्याकाळी सहाला रात्र. मुलांना चार दिवस लागतात या वेळेची सवय व्हायला, मोठ्यांना आठ.

आता बेटं घरून का होत नाहीत ते. हॅवलॉक बेटावर जायला कॅटॅमरानने, म्हणजे खाजगी वेगवान बोटीने, दीड तास आणि सरकारी बोटीने अडीच तासांच्या आसपास लागतात, त्यात जेटीवर आधी जाऊन बसायचं, सामान तपासणी, चढणं उतरणं, मग तिकडे रिक्षा-टॅक्सी. तुम्ही म्हणाल ठीक आहे, चार तास मिळाले तरी चालतील. पण हॅवलॉकला जायचं ते मुख्यतः राधानगर बीचसाठी, आणि तो बीच पश्चिमेला तोंड करून आहे, जेटीपासून बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला, म्हणजे त्याची खरी वेळ सूर्यास्ताची, आणि संध्याकाळी परतायचं तर तुम्ही तेव्हा बोटीत असणार. २००४ मध्ये टाइम मासिकाने आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं त्याला, ते दुपारी बाराच्या उन्हात अजिबात पटत नाही. साडेचारला पटतं. तेव्हा पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि परत, अशी एकच फेरी करा, पाच-सहा रात्रींची, मुक्कामी. नावांमध्ये गोंधळू नका, २०१८ पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप झालंय, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचंही श्री विजयपुरम झालं. बोलताना मावशीकडे तरी सगळे जुनंच म्हणत होते.

तिकिटांचं एक. तुमच्या दिरांकडे आयलँडर कार्ड, म्हणजे तिथल्या रहिवाशांना मिळणारं ओळखपत्र, असेल तर त्यांना सरकारी बोटीचं तिकीट आपल्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळतं. ते पाहुण्यांना नाही. आमच्या यांनी गंमतीत का होईना पण विचारलं, काका, तुमच्या कार्डावर जमेल का, आणि काका बिचारे संकोचून गेले. तेवढं टाळा.

आता नातेवाईकांकडे राहायचं. मावशीचं क्वार्टर दोन खोल्यांचं, आणि नळाला पाणी एक दिवसाआड. अंदमानात पाऊस धो धो, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, दोन्ही मोसमी वारे बरसून जातात, पण साठवायला मोठ्या नद्या नाहीत की तलाव नाहीत, त्यामुळे उन्हाळा जवळ आला की शहरात पाण्याची ओढाताण सुरू. आम्हाला हे ठाऊकच नव्हतं. मावशी काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली आणि बघते तर मावशी अंधारात, मोरीतल्या निळ्या पिंपातून पाइप काढून अंगठ्याने तोंड दाबून धरून मागच्या पिंपात सोडत होती, मग बादल्या, मग कळशी, मग स्वयंपाकघरातली पातेली, शेवटी चहाचं भांडंसुद्धा. चार माणसं जास्तीची, चार अंघोळी, आणि माझा मुलगा शॉवर सुरू ठेवून गाणी म्हणणारा. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं ना. त्या दिवसापासून पाण्याची ड्यूटी नवऱ्याने घेतली, मुलाला एक बादली ठरवून दिली आणि बाजाराचं आम्ही बघायला लागलो. भाजी महाग असते बरं का, बरीचशी जहाजाने येते, जहाज लांबलं की बाजारात नुसते कांदे बटाटे.

म्हणून मी म्हणेन, राहा, बिनधास्त राहा, पण २५ दिवस सलग नको. पहिले चार-पाच दिवस घरी, मग पाच-सहा रात्री हॅवलॉक-नील, परत घरी आठवडाभर, मग जमलं तर तीन-चार दिवस वर उत्तर अंदमानात डिगलीपूरकडे, आणि शेवटचे चार दिवस पुन्हा घरी. त्यांना मधेमधे त्यांचं घर परत मिळतं, तुम्हालाही कोणाची झोपमोड न करता लोळता येतं. आणि दुसरं, निदान एका फेरीत त्यांना सोबत घ्या. मावशी हॅवलॉकला अकरा वर्षांत गेली नव्हती! लोक विमानाने येऊन बघून जातात आणि ही तिथे राहून जात नाही, कारण तिच्यासाठी ते फिरायचं ठिकाण नाही, पाहुण्यांना सोडायला जायची जेटी आहे फक्त. आम्ही तिचं तिकीट काढूनच टाकलं, विचारलंच नाही. आई आणि ती राधानगरला साड्या गुडघ्यापर्यंत खोचून पाण्यात उभ्या, आणि विषय काय तर माहेरच्या पुढच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर कोणी विकलं. तासभर.

नीलवर आम्ही अडकलो, ते पण सांगते कारण तुमच्या तिकिटांच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. दोन रात्रींसाठी गेलो होतो, चार झाल्या. समुद्र खवळला, इशारा आला, बोटी बंद, म्हणजे सगळ्याच, सरकारी काय नि खाजगी काय. हॉटेलवाल्याने आधी म्हटलं राहा, मग दुसऱ्या दिवशी सकाळी म्हटलं खोली पुढच्या बुकिंगला दिलीय, आता ते पुढचे लोक येणार कसे, बोट तर बंदच, पण असो, भांडून राहिलो. नेट पण धड नव्हतं. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली तेव्हापासून पोर्ट ब्लेअरला बरंच सुधारलंय असं मावसभाऊ सांगत होता, छोट्या बेटांवर मात्र कॅश जवळ ठेवाच. सांगायचा मुद्दा, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावरून परत यायचं ठेवू नका. तीन-चार दिवस मोकळे सोडा.

त्या जास्तीच्या दोन दिवसांत नील मात्र आम्ही नीट बघितलं. पाऊस थांबला की चालत सुटायचं. तिथल्या दगडी कमानीला गावातले लोक हावडा ब्रिज म्हणतात, कारण गाव मुख्यतः पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचं आहे. तिथे ओहोटीलाच जा, भरतीला जाता येत नाही. ओहोटीला खडकात जी छोटी छोटी डबकी उरतात त्यात वाकून बघायला मुलांना दोन तास पुरत नाहीत, खेकडे, समुद्रकाकडी, निळे काळे मासे. पायात जुने बूट घाला, चप्पल नाही. तिथेच माझ्या लेकाने पोवळ्याचे पांढरे तुकडे वेचून दोन्ही खिसे भरले, मावशीने बघितलं आणि तिथल्या तिथे खिसे उलटे करायला लावले. मेलेलं पोवळं असलं तरी न्यायला बंदी आहे, शंखांचंही तेच, दुकानातून घेतले तर बिल जपून ठेवायचं. तो रुसला, पण मावशी ऐकणाऱ्यातली नाही.

पोर्ट ब्लेअरमध्ये घरी असताना काय करायचं, तर सेल्युलर जेलला अर्धा दिवस तरी द्या आणि शक्यतो सकाळी जा. १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते. मधे मनोरा आणि त्यातून निघालेल्या सात इमारती होत्या, आता तीनच उरल्यात. एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं दुसरीच्या पाठीकडे, म्हणजे समोरासमोर कोणी दिसायलाच नको. सावरकर १९११ ते १९२१ इथे होते, त्यांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर, तिथे आपली मराठी मंडळी हमखास रांगेत भेटतात. आई आत जाऊन भिंतीला हात लावून उभी राहिली, मी बाहेर. पण मला स्वतःला खाली ठेवलेला कोलू बघून जास्त कसंतरी झालं, त्याला माणूस जुंपून दिवसाला ३० पौंड खोबरेल काढून घ्यायचे. रॉस बेट जेट्टीवरून दहा-पंधरा मिनिटांवर, इंग्रजांची जुनी राजधानी, चर्चच्या नि बंगल्यांच्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळल्यात आणि मधून हरणं फिरतात. सासूबाईंना चालेल, बराच रस्ता बांधलेला आहे. वंडूरहून जॉली बॉय या बेटावर जाता येतं, परवाना आधी काढावा लागतो आणि प्लास्टिक नेऊ देत नाहीत, बॅगा उघडून बघतात. ज्यांना पाण्यात उतरायचं नाही त्यांच्यासाठी काचेच्या तळाची बोट असते, आई त्यातून पोवळी बघून आली आणि म्हणाली रंग फोटोतल्यासारखे नाहीत गं. नाहीतच, खरं आहे. २०१० मध्ये पाणी तापून खूप पोवळी पांढरी पडली तिथली. मासे मात्र भरपूर.

बाराटांग बेटाबद्दल सगळे विचारतात. चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी, त्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लागते आणि तिथून पोलीस बंदोबस्तात ताफा जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो नाही, खायला द्यायचं नाही, कायद्याने तुरुंग आहे त्याला. हा रस्ता राखीव भागात बंद करा असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच सांगितलं होतं, तरी तो चालू आहे. आम्ही गेलो. खारफुटीतून बोट जाते तो भाग सुंदर आहे, खोटं कशाला बोलू, पण जाताना आमच्या गाडीतले लोक काचेला नाकं लावून "दिसला का, दिसला का" करत होते ते ऐकून मला परत तिकडे जावंसं वाटलं नाही. मावशी तीस वर्षांत एकदाही गेलेली नाही, विचारलं तर म्हणाली आपल्या दारावरून कोणी असं बघत गेलं तर. डिगलीपूरला त्याच रस्त्याने जावं लागतं, नाहीतर बोटीने, वेळ जास्त लागतो. रॉस (हे वेगळं रॉस) आणि स्मिथ ही जोडबेटं तिकडे, मधे वाळूची पट्टी, ओहोटीला चालत जाता येतं. आमची ती फेरी नील प्रकरणात गेली. निकोबारचा विचार सोडाच, तिथल्या बहुतेक भागाला ट्रायबल पास, म्हणजे आदिवासींच्या राखीव भागात जायचा परवाना, लागतो, फिरायला म्हणून आपल्याला नाही मिळायचा.

किरकोळ गोष्टी, वाळूत बारीक माश्या चावतात आणि आठवडाभर खाज राहते, ओल्या वाळूवर पसरून झोपू नका, खोबरेल चोपडून बसा असं मावशीचं म्हणणं. मगरीचा बोर्ड असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरंच आहेत, बोर्ड शोभेला लावलेले नाहीत. दिरांकडे काय न्यायचं ते त्यांनाच विचारा, मी आपली महागडी चादर नेली आणि मावशीला हवी होती चकलीची भाजणी आणि गोडा मसाला.

निघताना विमानतळावर बॅग स्कॅनरमधून गेली आणि मशीनवाल्याने बाजूला घेतली. लेकाच्या मोज्याच्या जोडीत, आत खोल, करंगळीएवढा एक पांढरा तुकडा. मावशीची सगळी तपासणी चुकवून आलेला. तो माणूस ओरडला वगैरे नाही, टेबलावरचा प्लास्टिकचा ट्रे फक्त पुढे सरकवला, त्यात आधीच तसले तुकडे काठोकाठ भरलेले होते, वर एक अख्खा शंख, आणि लेकाने माझ्याकडे न बघता आपला त्यात टाकला.